एकशे अकरा नंबरची फाईल

"बघा त्या डबड्यात कुणाचा नंबर हाय," सर्जेराव चौगुले म्हणाला आणि हातातली पहार त्यानं माझ्या टेबलाला टेकवून उभी केली.

पहार चांगली पाच फुटी होती. काचेच्या केबिनबाहेर चाळीस माणसं उभी होती. दुपारचे सव्वादोन वाजले होते. मी कोल्हापुरातून मोटरसायकल दामटत नुकताच पोचलो होतो, हेल्मेट अजून काखेत होतं.

"रंगाचा हात गेला, लगेच या," एवढंच फोरमन शिंत्रेंनी फोनवर सांगितलं होतं. रंगराव हा सर्जेरावाचा धाकटा भाऊ. एक नंबरच्या पॉवर प्रेसवर असायचा. सव्वाअकराला चहाची सुट्टी झाली, सगळे बाहेर पडले, हा गडी मागं राहिला. डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, पत्र्याचा तुकडा अडकला होता, तो काढायला त्यानं उजवा हात आत घातला. एक नंबरचं मशीन म्हणजे दोन पुरुष उंच धूड. पुढूनही चालायचं, मागूनही. बटणं दोन्ही बाजूंना, आणि पुढं कोण वाकलंय ते मागच्याला दिसायचं नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी मागून कुणीतरी बटण दाबलं आणि दीडशे टनांच्या दाबानं वरचा पंच खाली आला. मनगटापुढं हात म्हणावा असं काही उरलं नाही. जे डायला चिकटलं होतं ते शिंत्रेंनी ओल्या फडक्यानं सोडवून घेतलं होतं आणि तेव्हापासून ते सारखे हात धूत होते.

"दाबणारा पळाला," शिंत्रे म्हणाले. "किंकाळी ऐकून सर्जा सगळ्यात आधी धावला. बाकीचे मागनं आले. मशीनमागं कुणी दिसलं नाही. आता तुमचा कंप्युटर काय म्हणतो तेवढंच बघायचं राहिलंय."

माझा कंप्युटर! चार महिन्यांपूर्वी मीच तो तिथं बसवला होता. गोष्ट शहाण्णव सालची. कारखान्याचं नाव सांगत नाही, आता तिथं मंगल कार्यालय झालंय. मी जिनदत्त मगदूम, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, वय चोवीस आणि अक्कल त्याच्या निम्मी. चौदा प्रेसना मी तारा जोडल्या होत्या. कामगारानं आपल्या बिल्ल्याचा नंबर दाबल्याशिवाय मशीन हलायचं नाही. मग त्यानं मारलेला प्रत्येक ठोका, कितव्या मिनिटाला आणि कुठल्या बिल्ल्यानं, हे कंप्युटर लिहून ठेवायचा. प्रोग्राम सी भाषेतला, पहिली ओळ ते शेवटची ओळ माझी. बसवला त्या दिवशी याच शॉपमध्ये, मशिनींच्या या दालनात, स्टुलावर चढून मी भाषण ठोकलं होतं, "माणूस खोटं बोलेल, यंत्र बोलत नाही." टाळ्या पडल्या होत्या. आई शप्पथ, मला त्या टाळ्या आवडल्या होत्या.

मी खुर्ची ओढली. दर मशीनची दर तासाला एक फाईल व्हायची. मशीनचा नंबर आणि त्यापुढं घड्याळातला तास, हे दोन आकडे जोडले की झालं फाईलचं नाव. एक नंबरचं मशीन, अकराचा तास: एकशे अकरा. तास नावातच आल्यावर आत पुन्हा कशाला लिहायचा? आत फक्त मिनिटं. शिफ्ट सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, म्हणजे घड्याळातला आकडा दिवसात दोनदा यायचा प्रश्नच नाही. या हुशारीवर मी फार खूश होतो.

फाईल उघडली. नुसते मिनिटांचे आकडे बघत भराभर खाली सरकत विसाव्या मिनिटाशी आलो आणि थांबलो.

"सतरा," मी म्हणालो.

सर्जेराव टेबलावर ओणवा झाला. त्याला वाचता येत नव्हतं असं नाही, पण स्क्रीनवरच्या हिरव्या आकड्यांकडे तो नुसताच बघत राहिला. पहाटे तालमीत हजार जोर मारणारा माणूस, आणि त्याच्या कपाळावरचा घाम टपकन माझ्या कीबोर्डवर पडला.

"पुन्हा बघा, साहेब."

"बघितलं. सतरा."

"नीट बघा. चुकत असंल."

"अहो काय चुकतंय?" मी उखडलो. सातवीतनं शाळा सोडलेला माणूस माझ्या प्रोग्रामवर शंका घेतो म्हणजे काय! मी बोट काचेवर टेकवलं. "वीस मिनिटं. बिल्ला सतरा. यंत्र खोटं बोलत नाही, सर्जेराव."

दाराजवळच्या कुणीतरी ते बाहेर फेकलं. सतरा. सतरा नंबर. ईश्वरा.

ईश्वरा कुंभार गर्दीतच उभा होता, पार मागं, दोन हात छातीशी धरून. चाळिशीचा किरकोळ माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात. बेंदूर आला की मातीचे बैल करायचा, आणि काय देखणे करायचा! शिंगं अशी की हात लावायला भीती वाटावी. आमच्या घरी त्या वर्षी त्याचीच जोडी पुजली होती. एक पैसा न घेता तो शॉपमधल्या प्रत्येकाला एकेक जोडी अशीच द्यायचा.

"मी न्हाई," तो म्हणाला. "मी मागं नळावर होतो. तोंड धूत होतो. आईच्यान, मी न्हाई!"

"कुणी बघितलं तुला नळावर?"

कुणीच बघितलं नव्हतं.

पहिली थप्पड कुणाची होती ते मला दिसलं नाही. दुसऱ्या क्षणी तो खाली होता आणि वर पाय होते. कामाचे बूट, पुढं लोखंडी टोप असलेले. एक बूट तोंडावर बसला, आणि दात फरशीवरून घरंगळत केबिनच्या दारापर्यंत आला. मी त्या दाताकडे बघत उभा होतो. "मला सोडा रं, पोरं हायत मला," असं तो ओरडत होता, मग नुसतंच ओरडायला लागला. सकाळपासून माणसांच्या अंगात जे तुंबलं होतं ते सगळं त्याच्यावर उतरत होतं. त्यात आणखी शिंत्रेंनी दुपारी एक वाजता बाकीच्या मशिनी सुरू करायला लावल्या होत्या, मालाची गाडी चारला निघायची म्हणून. शेजारी रक्त वाळतंय आणि आपण ठोके मारतोय, हा राग मालकाला देता येत नव्हता. तो ईश्वराला मिळाला.

"हात घाला ह्याचा मशीनमधी!" कुणीतरी ओरडलं.

चौघांनी उचलला. एक नंबरच्या मशीनकडं नेला. खाली अजून भुसा टाकलेला होता, लाल झालेला. उजवा हात डायवर दाबून धरला. एकानं धावत मागं जाऊन बिल्ला नंबर दाबला. केबिनमध्ये, माझ्या समोर, कंप्युटरनं ती नोंद घेतली.

शिंत्रेंनी झेप घालून मेन स्विच खाली ओढला. सगळं शॉप गप्प झालं, पंखेसुद्धा; माझा कंप्युटर तेवढा बॅटरीवर चालू राहिला. "पोलीस बोलावलेत," ते ओरडले. "सोडा त्याला! भोसडीच्यांनो, सगळे आत जाल!"

माणसं सैल पडली. तिथं ते संपलं असतं.

एवढा वेळ सर्जेराव माझ्या केबिनमधून हलला नव्हता. मला वाटलं, भावाच्या धक्क्यानं बधिर झालाय. त्यानं पहार उचलली, सावकाश चालत गेला, माणसांनी वाट दिली. ईश्वराचा हात अजून डायच्या कडेवरच पडलेला होता, काढून घ्यायचीही ताकद त्याच्यात नव्हती. सर्जेरावानं तीन घाव घातले. पहिला मनगटावर. दुसरा कोपरावर. तिसरा कुठं बसला ते मी पाहिलं नाही, आवाज मात्र ऐकला. ओली काटकी मोडावी तसा.

आणि मी काय केलं? मी फाईल बंद केली.

पोलीस आले तेव्हा कुणी काही बघितलं नव्हतं. ईश्वरा मशीनवरून पडला होता म्हणे. मला विचारलं, मी म्हणालो, मी केबिनमध्ये होतो. खोटं कुठं होतं ते?

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी निरोप धाडला की फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार आहेत, ती फाईल छापून ठेवा. मी प्रिंटर लावला. त्या वेळचे प्रिंटर करकर करत एकेक ओळ छापायचे आणि कागद खाली लोंबत जायचा. मी शेजारी चहा पीत उभा. विसावं मिनिट आलं, मी लाल पेन काढलं, सतरा नंबरला गोल करायला.

प्रिंटर थांबला नाही. एकविसावं मिनिट, बिल्ला सतरा. बाविसावं मिनिट, बिल्ला सतरा. तिसावं. चाळिसावं. कागद जमिनीला टेकला तरी करकर चालूच. एकोणसाठ मिनिटांपर्यंत गेला तेव्हा कुठं गप्प झाला.

ज्या मशीनमध्ये माणसाचा हात अडकलाय, ते पुढं चाळीस मिनिटं ठोके मारत होतं?

मी वरून पाहिलं. पहिली ओळ शून्य मिनिटाची. पहिल्या ओळीपासून सतरा. म्हणजे रंगराव त्या तासात तिथं नव्हताच? मी कपाटातून प्रोग्रामचा कागद काढला. नाव तयार करणारी ओळ सापडायला वेळ लागला नाही, माझीच तर होती. पर्सेंट डी, पर्सेंट डी: दोन संख्यांच्या दोन जागा. मशीन आणि तास, एकाला एक चिकटून. मध्ये काही नाही, पुढं शून्य नाही.

एक नंबरचं मशीन, अकराचा तास: एकशे अकरा.

अकरा नंबरचं मशीन, दुपारी एकचा तास: एकशे अकरा.

एकच नाव. आणि त्या नावाची जुनी फाईल असेल तर ती पुसून नवी लिहायची, असं मीच प्रोग्रामला सांगून ठेवलं होतं. दुपारी एकला शिंत्रेंनी मशिनी सुरू केल्या. ईश्वरा अकरा नंबरच्या मशीनवर बसला, मान खाली घालून तासभर काम केलं, आणि त्याच्या त्या तासानं सकाळचा तास पुसून टाकला. एक वाजून वीस मिनिटांनी त्यानं एक ठोका मारला होता. एवढाच त्याचा गुन्हा. चार महिने रोज दुपारी हेच होत होतं, पण संध्याकाळी लोक फक्त एकूण ठोक्यांचा आकडा बघायचे, आणि तो वेगळा साठायचा. आत कुणी डोकावलंच नव्हतं. मीही नाही. आदल्या दिवशी सुद्धा विसाव्या ओळीखालची एकविसावी ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. सर्जेराव दोनदा सांगत होता, पुन्हा बघा.

मी तो कागद गुंडाळून सरकारी दवाखान्यात गेलो.

ईश्वरा वरच्या मजल्यावर होता. उजवा हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये, डोळे सुजून बंद. त्याची बायको शेवंता चमच्यानं पेज भरवत होती. मला बघून ती उठून बाहेर गेली.

"मगदूमसाहेब व्हय?" तो म्हणाला. दात नसल्यानं शब्द फुटत नव्हते. "रंगा कसा हाय? त्याला म्हणावं, माफ कर. मला कायच आठवत न्हाई बघा. मी नळावर होतो असं मला वाटतंय. पर कंप्युटरच म्हणतोय म्हटल्यावर… झालं असंल माझ्याकडनं."

"नाही झालं!" मी एवढ्यानं ओरडलो की शेजारचा पेशंट उठून बसला. "ईश्वरा, तू नाहीस. चूक माझी आहे. फाईल दुसऱ्याच तासाची होती. तू खरंच नळावर होतास."

त्याच्या सुजलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. "मी न्हाई?"

"तू नाही."

"मग कुणी दाबलं?"

"माहीत नाही. पुसलं गेलं ते. आता कधीच कळायचं नाही."

मला वाटलं, आता शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या. तो म्हणाला, "एवढं सर्जाला सांगा. खालीच बसलाय म्हणं. त्याच्या भावाचा हात मी तोडला असं त्याला वाटायला नको. हात काय, बरा हुईल. न हुईल. पर ते वाटायला नको."

डॉक्टरांनी मला जिन्यातच सांगितलं होतं की कोपर पुन्हा वाकणार नाही.

सर्जेराव खाली, रंगरावाच्या वॉर्डाबाहेर बाकावर बसला होता. कालचेच कपडे. मी कागद उलगडून त्याच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं, मशीन, तास, पुसलेली फाईल. उभ्यानंच सांगितलं. मनात आलं, मारणार हा मला. मारू दे, सुटेन तरी.

त्यानं कागद वाचलाही नाही.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"ईश्वरानं दाबलं न्हाई ते."

"कसं?"

त्यानं वॉर्डाच्या दाराकडं बघितलं. दार लोटलेलं होतं. "बटन मी दाबलं. एकवीस नंबर, माझा. चहा घेऊन लवकर परत आलो. मशीनवर पीस अर्धा दिसला. म्हटलं, रंगा चहाला गेलाय, तेवढा आपणच काढून टाकावा. निवांत पिऊ दे त्याला."

त्याच्या मांडीवरचा कागद मी उचलून घेतला.

"किंकाळी ऐकली आन् पळत पुढं गेलो. लोकांना वाटलं, भाऊ म्हणून आधी पोचला." तो हात मांडीवर घासत होता. "मी लपवणार नव्हतो. पर तोंडातनं शब्द निघंना. मग शिंत्रे म्हणाले, कंप्युटरमधी लिवलेलं हाय. म्हटलं, बरं झालं. आपल्याला सांगायला नको, ते सांगंल. साहेब, ती पहार मी कुणाला मारायला आणली नव्हती. एकवीस नंबर निघाला की लोकांच्या हातात द्यायला आणली होती."

"मग सतरा निघाल्यावर बोलला का नाहीस?" माझा आवाज चिरकला. "त्याला का मारलंस? तू? सगळ्यांचं मारून झालं होतं!"

"दोनदा म्हटलं न्हाई का तुमाला, पुन्हा बघा म्हणून?" आता तो माझ्याकडे बघत होता. "तुमी म्हणालासा, यंत्र खोटं बोलत न्हाई. मला वाटलं, खरंच मी दाबलं नसंल. भरम झाला असंल मला. तसं वाटायला लागलं तवा असं बरं वाटलं, साहेब, असं बरं वाटलं. आन् ते खरं ठरवायला मग मारायलाच लागलं."

एवढं बोलून तो रडला. दोन्ही पंजे तोंडात कोंबून, आत भावाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"रंगाला कळू देऊ नगा," शेवटी म्हणाला. "त्याचा हात गेलाय. भाऊ तरी ऱ्हाऊ द्या."

मी शब्द दिला. का दिला, अजून सांगता येत नाही. सर्जेराव त्याच आठवड्यात ठाण्यात हजर झाला. मारहाण कबूल केली, बटणाचं बोलला नाही. अडीच वर्षं आत काढून आला. मी प्रोग्राम दुरुस्त केला, दोन आकड्यांच्या मध्ये एक आडवी रेघ घातली, एक मिनिटसुद्धा लागलं नाही. आणि शॉपमध्ये त्याच स्टुलावर चढून सांगितलं, चूक माझी होती, ईश्वरा निर्दोष आहे. लोक हसले. "कुणी गाठलं तुमाला, साहेब?" एकानं विचारलं. यंत्र खोटं बोलत नाही हे त्यांना मीच शिकवलं होतं, आणि ते विसरायला ते तयार नव्हते. खरा नंबर सांगितला असता तर विश्वास बसला असता. तो मी सांगितला नाही. ईश्वरा पुन्हा त्या शॉपमध्ये आला नाही. बैलही केले नाहीत. रंगराव मरेपर्यंत त्याच्या नावानं थुंकायचा. आता दोघेही भाऊ गेले, म्हणून हे लिहायला बसलो.

पण त्या दुपारी मी परत वर गेलो होतो. शेवंता आत आली होती, नवऱ्याच्या पायाशी बसली होती. माझी चाहूल लागताच ईश्वरानं मान वळवली.

"सांगितलंसा? काय म्हणाला सर्जा?"

मी खाटेचा लोखंडी दांडा धरून उभा होतो.

"रडला," मी म्हणालो.

ईश्वराच्या फुटलेल्या तोंडावर हसू आलं. "बघ," तो बायकोला म्हणाला, "तुला म्हटलं नव्हतं? मनानं वाईट न्हाई तो." मग माझ्याकडे वळून, "साहेब, परत खाली जाताय न्हवं? त्याला म्हणावं, माझ्या मनात काय न्हाई."

मी हो म्हणालो, आणि मागच्या जिन्यानं बाहेर पडलो.